पाऊस पडला की अंगणातली नाताळची रोषणाई विझते: जीएफसीआय पुन्हा पुन्हा का उडतो?

थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत अंगणात सगळं उभं केलं, संध्याकाळी लखलखाट झाला, फोटो पुण्या-नाशकाला पोचले. मग पहिला पाऊस आला आणि सगळं एकदम काळं. जीएफसीआयचं (ग्राउंड फॉल्ट सर्किट इंटरप्टर, म्हणजे विजेची गळती झाली की आउटलेटची वीज तोडणारं उपकरण) रिसेटचं बटण दाबावं तर बसतच नाही, बसलं तरी मिनिटभरात पुन्हा ‘टक’. दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन पडलं की कुणी काही न करता सगळं सुरळीत. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या मंडळींची ही डिसेंबरमधली ठरलेली तक्रार. विकत आणलेल्या हवेच्या सांताक्लॉजपेक्षा घरी केलेल्या वस्तूंच्या बाबतीत ती जास्त ऐकू येते: उन्हाळ्यात टोमॅटोला लावलेले तारेचे पिंजरे उलटे करून, वर माळा गुंडाळून केलेली झाडं; प्लायवूड कापून, भोकं पाडून त्यात दिवे खोचलेलं हरीण; पीव्हीसीचे पाइप वाकवून वाटेवर उभ्या केलेल्या कमानी; चिकन वायरच्या जाळीचे दिव्यांचे गोळे.

यावर मिळणारे सल्लेही ठरलेले असतात. ‘लोड जास्त झाला असेल’, ‘जीएफसीआय जुना झालाय, बदल’, आणि सगळ्यात वाईट म्हणजे ‘तो काढून साधा आउटलेट बसव’. पहिला बहुतेक वेळा चुकीचा, दुसरा क्वचित बरोबर, तिसरा जिवावर बेतणारा.

लोडचं आधी निकालात काढू. शंभर एलईडींची माळ पाच-सात वॉट घेते. अशा दहा माळा लावल्या तरी एका जुन्या पद्धतीच्या बल्बइतका भार होतो, आणि १५ अँपिअरच्या सर्किटवर १,८०० वॉट चालतात. जुन्या तारेच्या बल्बांची शंभराची माळ साधारण ४० वॉटची, तरीही अंगण भरेपर्यंत सर्किट भरत नाही. शिवाय भार जास्त झाला तर उडतो तो पॅनेलमधला ब्रेकर. आउटलेटमधल्या जीएफसीआयला भाराशी काही देणंघेणं नसतं. तो एवढंच बघतो की एका तारेतून जितका करंट बाहेर गेला तितकाच दुसरीतून परत आला का. फरक चार ते सहा मिलिअँपिअरच्या घरात गेला की तो वीज तोडतो. हरवलेला करंट कुठून तरी जमिनीत जातोय, आणि ती वाट उद्या तुमच्या किंवा शेजारच्या पोराच्या अंगातून असू शकते, असं त्याचं गणित.

हा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या चार्ल्स डॅलझिएल यांनी विजेचा धक्का बसल्यावर माणसाला हातातली तार सोडवता येते की नाही, यावर वर्षानुवर्षं काम केलं. जवळपास सगळ्यांना तार सोडता येईल अशी मर्यादा पुरुषांच्या बाबतीत सुमारे ९ आणि स्त्रियांच्या बाबतीत सुमारे ६ मिलिअँपिअर निघाली. १९६१ मध्ये त्यांनीच हे उपकरण तयार केलं, आणि नॅशनल इलेक्ट्रिकल कोडप्रमाणे (वीजजोडणीची अमेरिकी नियमावली) १९७३ पासून इथे घराबाहेरच्या आउटलेटला ते सक्तीचं झालं. भारतात आपल्या घरच्या पॅनेलमध्ये माणसाच्या सुरक्षेसाठी जो आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा तिकडचा स्विच) असतो तो सहसा ३० मिलिअँपिअरचा. म्हणजे तिकडे बाल्कनीत आकाशकंदील आणि माळा पावसात भिजूनही काही ‘उडायचं’ नाही, याचं कारण तिकडच्या माळा बऱ्या होत्या असं नव्हे. गळती तेवढीच असेल, पाहणारा इतका काटेकोर नव्हता. इथे येऊन जीएफसीआयला ‘उगाच नाटकं करतो’ म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं.

आता आधी उडालेला जीएफसीआय कुठे आहे ते शोधा. हे वाटतं तितकं सोपं नाही. बाहेरच्या आउटलेटवर रिसेटचं बटण नसेल तर त्याला संरक्षणच नाही असं समजू नका. बऱ्याच घरांत, विशेषतः जुन्या, बाहेरचा आउटलेट गराज, बेसमेंट किंवा चक्क बाथरूममधल्या जीएफसीआयच्या पुढे जोडलेला असतो. काही घरांत तो पॅनेलमधल्या ब्रेकरमध्येच असतो. मग माणूस बाहेर टॉर्च घेऊन अर्धा तास फिरतो आणि बटण असतं वरच्या मजल्यावरच्या बेसिनपाशी. गराजमधल्या त्याच लायनीवर दुसरा फ्रिज किंवा फ्रीझर असेल तर प्रकरण गंभीर आहे: रात्री रोषणाई उडते, सकाळपर्यंत कोणी बघत नाही आणि आत ठेवलेल्या पुरणपोळ्या, मटार, मासे सगळं वितळतं. असं असेल तर आधी फ्रीझर दुसऱ्या लायनीवर हलवा, बाकीचं नंतर.

जीएफसीआय स्वतः बिघडलाय का, हे दोन मिनिटांत कळतं. बाहेरचं सगळं काढा, अगदी टायमरसुद्धा. कोरड्या दिवशी रिसेट करा, टेस्टचं बटण दाबा, उडाला पाहिजे. पुन्हा रिसेट; बसला पाहिजे. त्यात एक साधा टेबललॅम्प लावून वीज येते का बघा, मग तो काढून ठेवा. रिकामा असताना भर पावसातही तो उडत नसेल तर त्याला दोष देऊ नका. रिकामा असूनही पावसात उडत असेल तर पाणी आउटलेटच्या डब्यातच शिरतंय, आणि तो मामला इलेक्ट्रिशियनचा. २०१५ नंतरच्या मॉडेलांमध्ये आपोआप स्वतःची तपासणी होते आणि आतलं बिघडलं तर ते वीज देणंच बंद करतात. त्यामुळे कोरड्या दिवशी, रिकामा असूनही रिसेट न होणारा बदलायचा असतो. पण तो वेगळा आजार आहे. पावसात उडणं आणि उन्हात बरं होणं हे आउटलेटच्या म्हातारपणाचं लक्षण नाही.

इथून पुढे खरी गंमत. बहुतेक लोक आता एकेक वस्तू काढून बघतात. हरीण काढलं, चालू झालं. म्हणजे हरीण खराब! हरीण कचऱ्यात जातं. पुढच्या पावसात पुन्हा अंधार. मग झाडाचा नंबर. असं करत करत अंगण रिकामं होतं आणि दोषी सापडत नाही, कारण दोषी एक नसतोच. गळती बेरजेची असते. ओलं झालेलं हरीण एक मिलिअँपिअर सोडतं, तिन्ही पिंजऱ्यांची झाडं मिळून दोन, कमानीचा एक जोड दीड, गवतात पडलेलं माळेचं टोक एक. एकेकटी लावली तर यातली एकही वस्तू जीएफसीआयला उडवत नाही. सगळी एकत्र आली की साडेपाच, आणि ‘टक’. कुठलीही एक काढली की बेरीज पाचाच्या खाली येते आणि जी काढली ती गुन्हेगार ठरते.

म्हणून काढून बघू नका, लावून बघा, आणि क्रम बदलून लावा. सगळं ओलं असतानाच हे करायचं, वाळल्यावर काही कळत नाही. आधी टेस्टचं बटण दाबून वीज बंद करा, मगच प्लगांना हात लावा. पायात रबरी तळाचे बूट, हात कोरडे. सगळे प्लग काढून वीज चालू करा. एक वस्तू लावायची म्हणजे पुन्हा टेस्ट दाबून बंद, प्लग जोडायचा, रिसेट, थोडं थांबायचं. मग पुढची. कुठल्या वस्तूला उडाला ते कागदावर लिहा. आता उलट्या क्रमाने तेच करा. दोन्ही वेळा एकाच वस्तूवर उडाला तर ती एकटी लावून बघा; तरीही उडाला तर तीच दोषी. पण पहिल्यांदा कमानीवर उडाला आणि उलट्या क्रमात पिंजऱ्यावर उडाला, म्हणजे शेवटी येणाऱ्यावर खापर फुटतंय, तर तुमची गळती बेरजेची आहे. उपाय दोन्हींचे निराळे. एकट्या दोषीला दुरुस्त करा किंवा टाकून द्या. बेरजेच्या गळतीत सगळ्या जोडांची डागडुजी करायची, आणि शक्य असेल तर वस्तू दोन वेगळ्या जीएफसीआयवर वाटायच्या, पुढच्या दाराजवळच्या आणि गराजजवळच्या. मात्र ते दोन आउटलेट आतल्या एकाच जीएफसीआयच्या पुढे नाहीत ना, हे बघा. तसे असतील तर वाटणीचा उपयोग शून्य. आतल्या जीएफसीआयचं टेस्ट दाबून दोन्ही बंद पडतात का, एवढं बघितलं की समजतं.

ज्यांच्याकडे मल्टिमीटर आहे त्यांना पावसाची वाट बघायची गरज नाही. वस्तू विजेपासून पूर्ण सोडवा, बागेच्या पाइपने चांगली भिजवा. मीटर ओहमवर ठेवून एक टोक प्लगच्या एका पात्याला, दुसरं टोक पिंजऱ्याच्या किंवा जाळीच्या धातूला. मग दुसऱ्या पात्याला. लाकडी वस्तू असेल तर दुसरं टोक ज्या जमिनीत ती रोवायची त्या ओल्या मातीत खोचलेल्या सळईला लावा, आणि वस्तूही त्याच मातीत उभी असू द्या. गणित साधं आहे: १२० व्होल्टला ५ मिलिअँपिअर जायला २४ किलोओहम पुरतात. म्हणजे मीटर २४ हजाराच्या आसपास किंवा खाली दाखवत असेल तर ती वस्तू एकटीच पुरी आहे. लाख-सव्वालाख ओहम दाखवणाऱ्या पाच वस्तू मिळून तेच करतील. काही मेगाओहम असतील तर ती वस्तू सध्या ठीक आहे.

यात एक खोच आहे. जुन्या तारेच्या बल्बांच्या माळेत हे मोजमाप बऱ्यापैकी खरं बोलतं. एलईडीच्या माळेत मीटरचे दोन-चार व्होल्ट एकामागून एक जोडलेल्या दिव्यांतून पुढे जातच नाहीत, त्यामुळे माळेच्या मधोमध असलेली गळती दिसत नाही; प्लगपासून शेवटच्या सॉकेटपर्यंत सरळ जाणाऱ्या तारांवरची तेवढी दिसते. म्हणून एलईडीच्या बाबतीत मीटरने ‘दोषी’ म्हटलं तर विश्वास ठेवा, ‘निर्दोष’ म्हटलं तर ठेवू नका. तिथे वर सांगितलेली क्रम बदलायची युक्तीच कामी येते. इलेक्ट्रिशियनकडे गळती मोजायचा खास क्लॅम्प मीटर असतो, तो दोन्ही तारांभोवती एकत्र अडकवला की गळती थेट दाखवतो. साध्या क्लॅम्प मीटरला इतका बारीक करंट समजत नाही.

आता पाणी शिरतं कुठून? पहिली जागा, आणि हिच्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही: शेवटच्या माळेचं शेवटचं टोक. पुढची माळ जोडायला जे सॉकेट दिलेलं असतं ते रिकामंच गवतात पडलेलं असतं, बऱ्याचदा तोंड वर करून. त्यात वीज आहे. पाऊस थेट आत पडतो, बर्फ वितळून आत झिरपतो. लहान मुलांसाठी आउटलेटमध्ये खोचायची जी प्लास्टिकची झाकणं मिळतात त्यातलं एक खोचा, टोक खाली तोंड करून वस्तूच्या पाठीला, जमिनीपासून वीतभर वर, बांधून टाका. निम्म्या अंगणांचा प्रश्न इथेच मिटायला हरकत नाही. मधल्या एखाद्या दिव्याचा बल्ब काढून ठेवलेला रिकामा होल्डरही तसाच, तारेपर्यंत जाणारं उघडं भोक. त्यात जळका का होईना, बल्ब बसवाच.

दुसरी जागा म्हणजे घरच्या बनावटीतल्या जखमा. प्लायवूडवर माळ बसवताना स्टेपल गन वापरायचा मोह होतो. चपटी स्टेपल तारेवर बसली तर तिचं एक टोक आवरणातून आत जातं, कोरड्या लाकडात काही होत नाही, सगळं छान पेटतं. लाकूड भिजलं की ती स्टेपल म्हणजे ओल्या फळीत ठोकलेला वीजवाहक खिळा. सगळ्या स्टेपला काढा आणि त्याऐवजी जोडीने दोन बारीक भोकं पाडून झिप टाय ओवा. झिप टाय काळे घ्या, उन्हाला टिकणारे. पांढरे नायलॉनचे थंडीत आणि उन्हात ठिसूळ होऊन तुटतात. आणि करकचून आवळू नका.

टोमॅटोच्या पिंजऱ्याची अडचण निराळी. उलटा केल्यावर खालचं मोठं कडं जमिनीवर बसतं, पाय वर जाऊन शेंड्याला बांधले जातात. या पिंजऱ्यांचे वेल्डिंगचे जोड खरबरीत असतात आणि कापलेली टोकं धारदार. वाऱ्याने झाड हललं की माळ त्यावर घासते. हिवाळाभर घासली की आवरण कापतं, आणि मग पूर्ण पिंजरा वीजवाहक होऊन ओल्या जमिनीत उभा राहतो. इथे सांभाळायलाच हवं, कारण लहान मुलं नेमकी अशाच चकाकणाऱ्या झाडाला हात लावतात. माळ गुंडाळण्याआधी सगळी टोकं कानशीने घासा, जोडांवर आणि टोकांवर जुन्या बागेच्या पाइपाचे उभे चिरलेले तुकडे चढवा. चिकन वायरच्या गोळ्यांना तर प्रत्येक कापलेली तार आत वळवलीच पाहिजे. ज्या माळेचं आवरण कापलेलं दिसलं ती टेप लावून वाचवू नका. दहा डॉलरच्या माळेसाठी एवढा जुगार कशाला?

प्लायवूडला पाडलेली भोकं हीही पाण्याची दारं. समोरून वाहणारं पाणी भोकातून मागे होल्डरवर उतरतं. बाहेर वापरायचं म्हणून एक्स्टिरियर ग्रेडचं प्लायवूड घेतलं तरी त्याच्या कापलेल्या कडा पाणी पितातच. म्हणून भोकं पाडल्यावर, रंगाआधी, प्रत्येक भोकाच्या आत आणि सगळ्या कडांना प्रायमरचे दोन हात द्या. भोक पाडताना ड्रिल जरा तिरकं धरा, म्हणजे पुढचं तोंड खाली राहील आणि पाणी मागे न जाता पुढे ओघळेल. दिवे शक्यतो आडवे किंवा खाली बघणारे ठेवा. वर बघणारा होल्डर ही वाटीच असते.

तिसरी जागा जोड. माळ आणि एक्स्टेन्शन कॉर्ड जिथे भेटतात तिथे लोक काळी इलेक्ट्रिकल टेप गच्च गुंडाळतात. वाटतं पाणी जाणार नाही. पाणी जातंच, फक्त बाहेर येत नाही. टेपखाली अडकलेलं पाणी आठवडाभर जोडाला भिजवत ठेवतं आणि पितळी पात्यांवर हिरवट गंज चढतो. जोडावर बसवायचे प्लास्टिकचे डबीसारखे कव्हर मिळतात ते घ्या, नाहीतर जोड उघडा ठेवून नुसता उंचावर टांगा. जमिनीपासून उंच, आडवा किंवा तोंड खाली, आणि जोडाच्या आधी तारेला खाली झोळ दिलेला, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी झोळाच्या तळाला गळून पडेल, जोडापर्यंत चढणार नाही. एवढं केलं तर कव्हर नसलं तरी बरंच भागतं. विटेवर ठेवलेला जोडही चालतो, पण बर्फ वितळला की वीट डबक्यात बुडते, हे लक्षात असू द्या. पात्यांना डायइलेक्ट्रिक (वीज न वाहणाऱ्या) ग्रीसचा पातळ थर दिला तर गंज कमी चढतो.

आउटलेटचं झाकणही बघून घ्या. प्लग लावलेला असतानाही बंद होणारं, फुगीर, पारदर्शक झाकण असलं पाहिजे. बऱ्याच ठिकाणी ते असतं, पण मोठा चौकोनी टायमर लावला की बंद होत नाही आणि मग पूर्ण हंगाम उघडं. आखूड वायर असलेला टायमर घ्या, तो झाकणाबाहेर खाली लोंबतो. कॉर्डवर डब्ल्यू हे अक्षर छापलेलं असेल तर ती बाहेरच्या वापराची. दिवाणखान्यातली पांढरी पातळ कॉर्ड बाहेर नको. माळेवरची यूएल खूण लाल असेल तर आत-बाहेर दोन्हीकडे चालते, हिरवी असेल तर फक्त घरात. हिरव्या खुणेच्या माळा अंगणात लावून पावसाला शिव्या घालणारे कमी नाहीत.

टायमरने दिवे बंद असतानाही जीएफसीआय उडाला तर चक्रावू नका. साधा टायमर दोनांपैकी एकच तार तोडतो, ‘हॉट’ म्हणजे फेजची तार. न्यूट्रल जोडलेलीच राहते, आणि न्यूट्रल कुठे ओल्या जमिनीला टेकली तरी जीएफसीआयला ते कळतं. म्हणजे सकाळी उठून बघता तर उडालेला, आणि रात्री बारानंतर दिवे तर बंदच होते. भुताटकी नाही, तीच गळती, दुसऱ्या तारेवरची.

बर्फाबद्दल एक: कोरडा भुसभुशीत बर्फ पडला तर सहसा काही होत नाही, कारण थिजलेलं पाणी वीज फारशी वाहत नाही. उडतो तो दुसऱ्या दिवशी दुपारी, पारा शून्याच्या वर गेला की. शिकागो किंवा न्यू जर्सीत ‘बर्फात चाललं आणि उन्हात बंद पडलं’ असं कोणी म्हणालं तर ते खोटं बोलत नाहीत. रस्त्यावर टाकलेलं मीठ वितळलेल्या बर्फात मिसळून अंगणाच्या कडेला आलं तर गळती आणखी वाढते. वाटेलगतच्या कमानींचे जोड म्हणून इतरांपेक्षा वर बांधा.

जीएफसीआय ठीक आहे पण अर्धीच माळ बंद, हा वेगळाच प्रश्न. तारेच्या छोट्या बल्बांच्या माळेत अडीच व्होल्टचे पन्नास बल्ब एकामागून एक जोडलेले असतात. शंभराची माळ म्हणजे अशा दोन पन्नाशी. म्हणून बंद पडते ती नेमकी अर्धी. बल्ब जळला तर आतली शंट नावाची बारीक तार करंट पुढे जाऊ देते, बाकीचे पेटतच राहतात. पण बल्ब होल्डरमध्ये सैल असेल किंवा पाय गंजले असतील तर शंटचा काही इलाज चालत नाही. त्यामुळे आधी बंद भागातले सगळे बल्ब हाताने दाबून बघा, मग गंजलेले पाय असलेले बदला. तरीही नाही तर वायरला न टेकता वीज ओळखणारा पेन बल्बांवरून फिरवत न्या. जिथे त्याचा आवाज थांबतो तिथे तुटलंय. काहीच दिसेना तर प्लग उलटा बसवून पुन्हा फिरवा, प्लगच्या पात्यांची रुंदी परवानगी देत असेल तर. पूर्ण माळच मेली असेल तर आधी प्लगमधली सरकती खिडकी उघडून बारीक काचेचे फ्यूज बघा. तारेच्या बल्बांच्या तीनपेक्षा जास्त माळा एकापुढे एक जोडल्या की तेच आधी जातात. जळके बल्ब लगेच बदला, कारण जितके जळतात तितका बाकीच्यांवर व्होल्टेज वाढतो आणि तेही भराभर जातात. एलईडीच्या अर्ध्या मेलेल्या माळेवर संध्याकाळ घालवण्यात मला शहाणपण दिसत नाही. एलईडीच्या माळांमध्ये बहुधा एकाच दिशेने करंट जातो, त्यात ओल मिळाली की पाय झपाट्याने गंजतात. आज एक बदलला तर उद्या शेजारचा.

दिवे रात्रभर उघडझाप करत असतील तर फोटोसेलचा टायमर स्वतःच्याच दिव्यांकडे बघतोय. दिवे लागले की त्याला वाटतं उजाडलं, विझले की वाटतं रात्र. त्याचं तोंड फिरवा.

आपल्याकडे दिवाळीचा आकाशकंदील आणि माळा उतरवायच्याच नाहीत, नाताळला तेच चालवायचं, ही सोय बहुतेक मराठी घरांत असते. कोडाप्रमाणे सणाची तात्पुरती रोषणाई ९० दिवसांपर्यंतच ठेवता येते. ऑक्टोबरच्या शेवटी लावलेल्या माळा म्हणजे जानेवारीअखेर उतरायला हव्यात. पण भारतातून आणलेली माळ इथे बाहेर लावू नका. २३० व्होल्टसाठी केलेली माळ १२० वर मिणमिणते किंवा लागतच नाही, आणि तिची जोडणी या हवेसाठी तपासलेली नसते. कंदिलातला पिन होल्डरही इथल्या आट्याच्या बल्बला उपयोगाचा नाही. कंदील तोच ठेवा, आतला होल्डर आणि वायर बाहेरच्या वापराची, इथल्या आट्याची, इथेच विकत घ्या. एलईडी बल्ब घ्या, म्हणजे कागद तापणार नाही. इथून उलट माळ भारतात न्यायचा बेत असेल तर तोही सोडा. २३० वर ती क्षणात जाईल.

एवढं करूनही रिकामा आउटलेट ओल्यात उडत असेल, प्लगपाशी काळे डाग किंवा जळका वास असेल, पिंजऱ्याला किंवा पाइपाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या असतील, तर पॅनेलमधून ती लाइन बंद करून लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. झिणझिण्या आल्या आणि तरीही जीएफसीआय उडाला नाही, तर त्या आउटलेटला संरक्षण नसल्याचं समजून चाला.

उतरवतानाचं काम राहिलं. क्रम बदलून बघताना ज्या वस्तूंवर संशय आला त्यांच्या प्लगला तेव्हाच रंगीत टेपची पट्टी लावा. डिसेंबरमध्ये आठवत नाही, जानेवारीत तर नाहीच. माळा ओल्याच प्लास्टिकच्या डब्यात कोंबू नका, गराजमध्ये दोन दिवस दोरीवर पसरून वाळवा आणि मगच गुंडाळा. पिंजऱ्यांवरच्या माळा काढून ठेवायच्या, कारण एप्रिल-मेमध्ये टोमॅटोला तेच पिंजरे लागणार आहेत.